शुक्रवारची भुकटी

मी तापट माणूस आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी जो गाढवपणा केला त्याचं तुम्हाला फार नवल वाटणार नाही. राजारामपुरीत आमच्या आठव्या गल्लीत म्हणायचे, त्र्यंबकच्या नाकावर माशी बसत नाही, आणि बसलीच तर भाजून मरते.

त्रेपन्न साली मी बाळासो इनामदारांच्या कारखान्यात केमिस्ट म्हणून लागलो. केमिस्ट म्हणजे काय, तर एक खोली, एक तराजू, पितळी चाळण्यांचा एक संच आणि मी. कामगार मला चाळणीमास्तर म्हणायचे, तेही तोंडावर. कारखाना रेल्वे फाटकाच्या पलीकडे होता. राधानगरीकडच्या डोंगरातून बॉक्साइटचे तांबडे दगड ट्रकनं यायचे, आवारात बायका ते हातोडीनं फोडून माती-मुरूम निवडून काढायच्या, आणि उरलेला माल गिरणीत जायचा. गिरणी म्हणजे पोलादाचं एक भलंमोठं आडवं पिंप. त्याच्या पोटात लोखंडी गोळे. पिंप फिरलं की गोळे दगडांवर आपटायचे आणि दुसऱ्या तोंडानं तांबूस भुकटी बाहेर पडायची. ती पोत्यांत भरून तुरटीच्या कारखान्यांना जायची. भुकटी जाडी राहिली तर त्यांचं ॲसिड ती पुरती खात नाही आणि माल गाळात जातो. म्हणून त्यांची अट अशी, की शंभरातले नव्वद भाग बारीक चाळणीतून खाली पडलेच पाहिजेत.

हे नव्वद भाग ज्याच्या हातात होते तो माणूस म्हणजे हंबीरराव. हातकणंगल्याकडचा गडी, पन्नाशीचा, पांढऱ्या झुपकेदार मिशा, गळ्यात तुळशीची माळ. पिंपाच्या तोंडाशी एक लाकडी माच होती, तिच्यावर उभा राहून तो झडपेचा दांडा धरायचा. झडप उघडली की माल आत पडायचा, मिटली की थांबायचा. पिंपाचं पोट रिकामं झालं की गोळे पत्र्यावर आपटून खणखणायला लागतात. जास्त भरलं की आवाज दबतो, गोळे मालात रुततात आणि दळण जाडं पडतं. या दोन्हींच्या मधे एक आवाज असतो. तो आवाज धरून ठेवायचा, एवढंच हंबीररावाचं काम, आणि कारखान्याचं सगळं पोट त्याच्यावर.

हे असं कानावर चाललेलं काम मला आल्याआल्या खुपलं. मी बी. एस्सी. झालेला! पहिल्याच महिन्यात मी हिशेब केला, झडप किती इंच उघडली की किती माल पडतो याचं कोष्टक केलं, आणि दांड्याजवळ खडूनं रेघ मारून सांगितलं, हंबीरराव, झडप इथंच ठेवायची, हलवायची नाही. त्यांनी मान डोलावली. तासाभरात नव्या ट्रकचा माल आला, तो आधीच्यापेक्षा दुप्पट कठीण निघाला, आणि पिंप गच्च तुंबलं. सगळ्यांनी मिळून चार तास ते घमेल्यांनी उपसलं. मीही उपसलं, माझा पुरता तांबडा मारुती झाला. हंबीरराव एवढंच म्हणाले, "मास्तर, दगडाला तुमचा कागद वाचाय येत न्हाई."

तेव्हापासून मी रेघ पुसली आणि आपलं काम धरलं. दर तासाला भुकटीची मूठ घ्यायची, चाळायची, जोखायची, आणि भिंतीवर लावलेल्या चौकटीच्या कागदावर ठिपका मारायचा. नव्वद, एक्क्याण्णव, ब्याण्णव, एक्क्याण्णव. ठिपके कसे शहाण्या पोरांसारखे रांगेत बसायचे. कामगार त्या कागदाला गिरणीची कुंडली म्हणायचे.

पण दिवाळीनंतर कुंडलीत ग्रह वाकडा शिरला. शुक्रवारी सकाळी नऊ ते बारा ठिपके वेड्यासारखे उड्या मारायला लागले. शहाण्णव, मग एक्क्याऐंशी, मग अठ्ठ्याहत्तर. दुपारी परत सगळं सुरळीत. पुढच्या शुक्रवारी परत तेच. असे नऊ शुक्रवार झाले. मी दगड तपासला, पिंप फिरवणारा पट्टा तपासला, गोळे मोजले. सगळं जिथल्या तिथं. मग मी माणूस तपासायला लागलो, आणि तिथंच चुकलो.

शुक्रवारी सकाळी हंबीरराव वेगळेच दिसायचे. थंडीतही कपाळाला घाम, डोळे तांबडे, दांडा दोन्ही हातांनी घट्ट धरलेला. मधेच वाकून झडपेच्या लाकडी चौकटीला गाल लावायचे. हाक मारली तर वळायचे नाहीत. अर्थात गिरणीच्या त्या आवाजात कुणीच कुणाचं ऐकत नसे, सगळा कारभार हातवाऱ्यांवर चाले, पण रागावलेल्या माणसाला एवढं कुठलं सुचतंय. मी मनाशी ठरवूनच टाकलं, गुरुवारी रात्री हातभट्टी.

त्याच आठवड्यात तुरटीवाल्यांचं पत्र आलं. त्यांचे साहेब येऊन सकाळभर आपल्या चाळणीनं माल तपासणार होते. पसंत पडला तर वर्षभराची मागणी, नाही तर रामराम. तारीख दोन आठवड्यांनंतरची, वार शुक्रवार. बाळासोंनी मला बोलावून विचारलं, "मास्तर, ह्यो शुक्रवारचा घोळ काय हाय?" मी कागद उलगडला आणि माझा शोध सांगितला. बाळासो म्हणाले, "हंबीरराव? छ्या! माळकरी माणूस हाय त्यो." मी म्हणालो, माळ गळ्यात असते, पोटात नसते. बघा, काय पण बोललो मी.

हंबीररावांना कचेरीत बोलावलं. मी तर आवाज चढवूनच विचारलं, "गुरुवारी रात्री किती ढोसता हो?"

ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मग बाळासोंकडे बघितलं. हात माळेवर गेला आणि तिथंच थांबला. मला वाटलं, आता हा माणूस माझी गचांडी धरणार. पण त्यांनी मान खाली घातली आणि म्हणाले, "चुकलं मालक. पुन्यांदा हुणार न्हाई."

बाळासोंचा चेहरा पडला. ते म्हणाले, "साहेबांची तपासणी नीट पार पडली तर मी इसरलो म्हणून समजा. न्हाई पडली, तर तुमी दारावर राखणीला. परदेशातनं यंत्र मागवतो. गिरणीजवळ टांगायचं, ते आवाज ऐकून झडप हलवतंय म्हणं." हंबीररावांनी मुजरा केला आणि गेले. मी जिंकलो होतो. घरी गेल्यावर मात्र चहाला चव लागेना, आणि बायकोवर उगाच खेकसलो.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, माझ्या खोलीचं दार धाडकन उघडलं. दारात झुंबरबाई, हंबीररावांच्या बायको. त्या आवारातच झाडाखाली दगड फोडायला असत. हातात हातोडी तशीच होती.

"कुणी म्हटलं माझ्या मालकाला दारुडा? तू व्हय रं चाळणीवाल्या?"

"मावशी, त्यांनी स्वतः कबूल केलंय."

"कबूल केलंय! त्या माणसानं जलमात थेंब शिवलेला न्हाई. चार बुकं शिकलास म्हणून माणसाच्या अब्रूला हात घालतोस? तुझ्या चाळणीला आग लागू दे! अरं, ऐकू येत न्हाई त्यास्नी! दोन वरीस झालं, ऐकूच—"

आणि त्यांनी पदर तोंडावर दाबला. बोलू नये ते बोलून गेल्या होत्या.

मी खुर्चीतून उठलो तो तसाच उभा राहिलो. आख्ख्या जिल्ह्यात जी गिरणी कानावर चालते म्हणून नाव, तिचा माणूस बहिरा? गिरणीनंच खाल्ले असणार ते कान. कचेरीत ते माझ्या तोंडाकडे बघत होते ते ओठ वाचायला. रोज दहा तास त्या आवाजाशी उभं राहायचं म्हटल्यावर दुसरं काय होणार! "मग गिरणी चालवतं कोण?" मी विचारलं.

झुंबरबाईंनी मला दंडाला धरून खिडकीशी नेलं. गिरणीच्या छपराला आवाराच्या बाजूनं भिंत नव्हती. समोर चाळीस पावलांवर त्यांचं झाड, झाडाखाली त्यांची बसायची जागा, आणि जागेशेजारी एक घमेलं. माचीवरून ते स्वच्छ दिसत होतं.

"उताणं ठेवलं तर माल टाका. पालथं घातलं तर थांबा. झाडाला टेकवून हुबं केलं तर हाय तसं चालू द्या," त्या म्हणाल्या. "जात्यावर दळत मोठी झालीया मी. घास जादा पडला की जातं घुमतंय, कमी पडला की दगडाला दगड घासतंय. ते काय शिकवाय लागतंय व्हय? ह्यी तुमची गिरण म्हंजे आडवं जातंच की."

मी खुळ्यासारखा त्या घमेल्याकडे बघत राहिलो. आठ महिने ते माझ्या डोळ्यांसमोर उताणं-पालथं होत होतं. खाली पोती भरणाऱ्या केरबाला ठाऊक होतं, सगळ्या बायकांना ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त दर तासाला ठिपके मारणाऱ्या शहाण्याला.

"मग मावशी, शुक्रवारी सकाळी तुम्ही कुठं असता?"

"आंबाबाईला. अकरा शुक्रवार बोललीया. अनवाणी जाऊन, सकाळच्या पारी ओटी भरायची."

"कशासाठी?"

"कशासाठी म्हंजे? त्यास्नी ऐकू याया पायजे म्हणून!"

मी त्यांना भिंतीवरच्या कागदापाशी नेलं आणि खाली पडलेले ठिपके बोटानं दाखवले. झुंबरबाईंना वाचता येत नव्हतं, पण खड्डा कुणालाही कळतो. "ह्यो शुक्रवार?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. "आणि ह्यो?" तोही. त्यांनी एकेक खड्ड्यावर बोट ठेवलं, नऊ मोजले.

"मला म्हनायचं ह्ये, समदं बेस चाललंय, तू जा," त्या म्हणाल्या. "परत्येक शुक्रवारी म्हनायचं."

मला रडूच आलं, लपवायचं कशाला. जेवणाच्या सुट्टीत गिरणी थांबल्यावर मी हंबीररावांच्या शेजारी जाऊन बसलो आणि कानाशी तोंड नेऊन आधी माफी मागितली. मग विचारलं, "अहो, नसलेल्या दारूची कबुली कशाला दिलीत?"

ते हसले. बहिऱ्या माणसासारखे, जरा मोठ्यानंच बोलले. "दारू सुटती मास्तर. दारुड्याला मालक येक डाव माफी देतोय. कान मी कुटनं आणू?"

"आणि शुक्रवारचं मावशींना का सांगितलं नाही?"

"तिनं देवीम्होरं पदर पसरलाय माझ्यापायी. कुठल्या तोंडानं म्हनू, जाऊ नगंस?" भाकरीचा तुकडा त्यांनी हातात तसाच धरून ठेवला होता. "माझं कान आता येत न्हाईत. ते मला ठावं हाय. तिला ठावं न्हाई. तेवढे अकरा शुक्रवार काढावं म्हटलं."

दहावा शुक्रवार आला. झुंबरबाई देवळात गेल्या आणि मी प्रायश्चित्त म्हणून घमेल्याशी बसलो. आवाज ऐकून खूण करायची, त्यात काय एवढं? बापरे! गिरणी घुमायला लागलीय असं मला पटेपर्यंत ती तुंबायच्या बेताला यायची, आणि मी घाईनं पालथं घातलं की दहा मिनिटांत खणखणायची. हंबीरराव माचीवरून माझ्याकडे असे बघत होते, की जणू मीच पिंपातला लोखंडी गोळा आहे. बारा वाजता खाली उतरून म्हणाले, "मास्तर, तुमच्यापरीस मी भैरा बरा."

म्हणजे अकराव्या शुक्रवारी, तपासणीच्या दिवशी, झुंबरबाई झाडाखाली पाहिजेतच. गुरुवारी संध्याकाळी त्याच म्हणाल्या, "मी जात न्हाई उद्या. देवीला काय ते समजंल." पण ओटीचं गाठोडं त्यांनी बांधूनच ठेवलं होतं. दहा शुक्रवार अनवाणी चालून अकरावा मोडायचा, ही काय साधी गोष्ट? मोडलेला नवस उलटतो, असं त्यांच्या मनानं घेतलेलं. आणि उलटायला आता त्यांच्या नवऱ्याकडे उरलं होतं काय?

"मी जातो," मी म्हणालो.

"तुमी? ओटी बायकांनी भरायची असती मास्तर."

"मग मी भरत नाही. निरोप्या म्हणून जातो. तुमची ओटी पोचवतो, आणि सांगतो की बाई कामात अडकलीय."

त्यांनी माझ्याकडे खालपासून वरपर्यंत बघितलं. "अनवाणी?"

"अनवाणी."

तसं म्हटलं तर शुक्रवारी माझं कारखान्यात कामही नव्हतं. तुरटीवाले साहेब सकाळी आल्याआल्या दारातच म्हणाले होते, चाळणी माझी, मूठ माझी, तुमचा माणूस जवळ नको. मी झुंबरबाईंच्या हातचं गाठोडं घेतलं, चपला सायकलला अडकवल्या आणि चालत निघालो. खण, नारळ, तांदूळ, हळद-कुंकू, हिरव्या बांगड्या. फाटकाशी पोचेपर्यंत खड्यांनी तळपाय सोलून निघाले. वाटेत आमच्या गल्लीतले दोघं भेटले, त्यांनी विचारलं कुणाचा नवस, मी म्हणालो गिरणीचा. बायकांच्या रांगेत उभा राहिलो, त्यांची बोलणी खाल्ली, आणि पहिल्यांदाच त्या देवळात मला राग आला नाही. पुजाऱ्यानं ओटी घेतली. आता मागायचं होतं. मी हात जोडले, डोळे मिटले, आणि जे मागायला मला पाठवलं होतं ते तोंडातून निघेचना. दुसरंच मागून आलो.

परतलो तेव्हा दीड वाजत आला होता. फाटकापासूनच गिरणी ऐकू येत होती, आणि आता मलाही कळत होतं, तोच आवाज होता, मधला. मी आत पोचलो आणि जेवणाची सुट्टी झाली, पिंप थांबलं. साहेब चाळणी झटकत उभे होते, शेजारी बाळासो. चार मुठींत एक्क्याण्णव, ब्याण्णव, ब्याण्णव, एक्क्याण्णव.

"इनामदार, माल पसंत," साहेब म्हणाले. "दगड एवढा बदलता, आणि ठिपका हलत नाही. तुमच्या या माणसाचा कान फार तयार आहे हो." आणि त्यांनी हंबीररावांचा हात हातात घेऊन हलवला.

हंबीररावांना काही कळलं नाही. ते माझ्याकडे बघायला लागले. मी कानाशी जाऊन ओरडून सांगितलं, साहेब म्हणतात कान तयार आहे. मला वाटलं, आता मान डोलावतील आणि प्रकरण मिटेल. नोकरी वाचली, अब्रू वाचली, कुणी काही विचारणार नव्हतं.

ते बाळासोंकडे वळले. "मालक, मी दारू पीत न्हाई. कदी प्यालो न्हाई. मला ऐकू येत न्हाई, दोन वरीस झालं." त्यांनी हात लांब करून झाडाकडे दाखवलं. "गिरणीचा कान तितं बसलाय. शाबासकी द्याची तर तिला द्या."

झुंबरबाई खाली बघून, जणू आपला काही संबंध नाही अशा, दगड फोडत होत्या. पण एकाच दगडावर पाच-सहा घाव घातले तरी तो फुटेना, त्यावरून समजलं की ऐकलंय.

 मग साहेब हसले आणि म्हणाले, "मला भुकटीशी मतलब. कान कुणाचाही असो." बाळासो मात्र हसले नाहीत. चालत झाडापर्यंत गेले, डोक्यावरचा फेटा सारखा केला आणि म्हणाले, "वैनी, उद्यापास्नं दगड फोडायचा न्हाई. गिरणीचं काम तुमच्या दोघांच्या नावावर. माचीवर शेजारी बसायला लाकडी पाट करून देतो."

माझं डोकं फिरलं. "माचीवर नाही!" मी ओरडलो, मालक असो की कुणी असो. "एक कान खाल्लाय त्या गिरणीनं, आता दुसरा द्यायचाय? त्या इथंच बसतील. इथनंच ऐकू येतं त्यांना!" बाळासो माझ्या पायांकडे बघत म्हणाले, "बरं, बरं. झाडाला सावलीला छप्पर घालू. तुमी आधी चपला घाला मास्तर, रगात आलंय."

सगळे जेवायला पांगले. मी गाठोड्यातून अंगारा आणि नारळाची शकलं काढून झुंबरबाईंना दिली. हंबीररावही येऊन बसले.

"नीट सांगितलंसा न्हवं देवीला?" झुंबरबाईंनी विचारलं. "काय म्हणालासा? ह्येंचं कान येऊ देत म्हणूनच न्हवं?"

खोटं बोलता आलं असतं. "नाही मावशी," मी म्हणालो. "मी म्हटलं, तुमचे तरी शाबूत राहू देत."

त्या मग एकदम उसळल्या. "खुळं की काय हे! अकरा शुक्रवार चालली मी, आन् माझ्या नवसाचं वाटोळं करून आला! माझं कान मागाय कुणी सांगितलं हुतं?" आणि बोलता बोलताच त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं.

हंबीररावांनी विचारलं, काय झालं? त्यांनी नवऱ्याच्या कानाशी तोंड नेऊन मी काय मागितलं ते ओरडून सांगितलं. त्यांना एकदा ऐकू आलं नाही, म्हणून परत सांगितलं. या वेळी हळू, एकेक शब्द.

"बरूबर मागितलं मास्तरनं," हंबीरराव म्हणाले. "एका घरात दोन भैरी झाली, तर भांडायचं कसं?"

दोन वाजता पट्टा जोडला, पिंप फिरायला लागलं, हंबीरराव माचीवर चढले. झुंबरबाईंनी थोडा वेळ मान कलती करून ऐकलं, पदरानं डोळे पुसले, आणि घमेलं उताणं ठेवलं.